न आठवणारा गोल

रस पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला नेहमीचाच प्रश्न विचारला, "कुठे दुखतंय?" त्याने डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा ॲडलेड." मग उजव्या गुडघ्यावर थाप मारली. "हा पर्थ." शेवटी वाकडी झालेली करंगळी माझ्यापुढे धरली. "ही सिडनी. पण ही दुखत नाही, नुसती शोभेला आहे." मी हातातलं पेन खाली ठेवलं. दुबई मरीनातल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये नाना देशांचे लोक येतात आणि दुखण्याबद्दल बोलायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बँकेतले लोक इंटरनेटवर वाचून निदान घेऊनच येतात. जहाजावरचे लोक काही दुखतंय हेच मान्य करत नाहीत. पण जिथे मार बसला त्या शहराचं नाव सांध्याला देणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

त्याचं पूर्ण नाव रसेल. ऑस्ट्रेलियन माणसाला पूर्ण नावाचा कंटाळा असतो हे मला त्याच्यामुळे कळलं. मी ग्लॅडिस, ती पहिल्या दिवशीच 'ग्लॅड' झाले. मी त्याला मिस्टर वगैरे म्हणू लागले तर त्याने मागे वळून पाहिलं, जणू त्याचे वडीलच खोलीत आलेत. मग तो रसच झाला. वसईला फोनवर आईला म्हटलं, "आज रस आला होता," तर ती म्हणाली, "कसला, उसाचा?" सव्वासहा फुटांचा, मानेचा आणि खांद्यांचा एकच ठोकळा असलेला, तीनदा मोडलेल्या नाकाचा तो माणूस तिला कसा समजावून सांगावा, मला कळेना.

तो एका शाळेत खेळांचा प्रमुख होता. त्याआधी व्यावसायिक फुटबॉलपटू. फुटबॉल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो खेळ येतो, तो हा नव्हे. हा त्यांच्या देशाचा स्वतःचा खेळ. क्रिकेटच्या मैदानावर खेळतात, चेंडू लांबट अंड्यासारखा, एका बाजूला अठरा माणसं. चेंडू लाथेने उडवायचा किंवा मुठीने ठोसा मारून द्यायचा, हाताने फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे. मधल्या दोघांतून चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर एकच. हे सगळं त्याने मला उपचाराच्या टेबलावर पालथं पडून, तोंड टेबलाच्या भोकात घातलेल्या अवस्थेत समजावलं. त्याच्या आयुष्याची बहुतेक हकिगत मी त्या भोकातूनच ऐकली. समोरासमोर बसलं की तो हवापाण्याबद्दल बोलायचा.

व्हिक्टोरिया राज्यात गव्हाच्या शेतांमधलं एक छोटं गाव. वडील शाळेची बस चालवायचे. अठराव्या वर्षी मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबने त्याला निवडलं. क्लब आळीपाळीने मुलं निवडतात आणि ते टीव्हीवर दाखवतात. रसचं नाव घेतलं गेलं तेव्हा आई रडायला लागली आणि वडील उठून बस धुवायला गेले. "ते बस धुवायचे ते फक्त ईस्टरला," रस म्हणाला. "तेव्हा मला कळलं की ते खूश आहेत."

पहिली दोन वर्षं तो राखीव संघात राहिला, मग मोठ्या संघात त्याची जागा पक्की झाली. तो शेवटचा राखणदार. आपल्या खांबांपाशी उभं राहायचं आणि समोरच्या संघाचा जो सर्वांत धोकादायक खेळाडू असेल, त्याला दिवसभर चिकटून राहायचं. गोल करणाऱ्यांची पोस्टरं लागतात, अडवणाऱ्यांची कुणी लावत नाही. त्याला त्याचं वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. म्हणायचा, "संध्याकाळी बातम्यांत समोरच्या स्टारचं नाव कुणी घेतलं नाही, की समजायचं मी चांगला खेळलो."

या जागेवरच्या माणसाचं एक व्रत असतं. उंच उडालेला चेंडू झेलायला उलट पावली मागे धावायचं आणि नजर फक्त चेंडूवर ठेवायची. मागून शंभर किलोचा गडी पूर्ण वेगात येत असतो, हे ठाऊक असतं. तरी वळून बघायचं नाही. "बघितलंस की तू आधीच हरलास," हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. जो बघत नाही, त्याला तिथे मान. रसने कधीच बघितलं नाही. त्याचा खांदा, त्याचं नाक आणि पुढचं सगळंच त्या न बघण्याची कमाई.

साऱ्या कारकिर्दीत त्याने एकच गोल केला. पावसाळी दुपार होती. चेंडू कसा कुणास ठाऊक त्याच्या हातात आला, समोर कुणी नव्हतं, तो धावत सुटला आणि लांबूनच लाथ मारली. चेंडू टप्पा खाऊन खांबांच्या मधून गेला. मैदानाच्या चारी बाजूंनी त्याचे साथीदार धावत आले आणि त्याच्या अंगावर चढले. पहिला गोल करणाऱ्याला असंच गाडून टाकायची तिथली रीत आहे.

"केवढा आनंद झाला असेल तुला," मी म्हटलं.

"झाला असेल," टेबलाखालून आवाज आला.

त्याच सामन्याच्या शेवटच्या भागात तो नेहमीसारखा चेंडूकडे बघत मागे गेला आणि एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. शुद्धीवर आला तेव्हा त्याने डॉक्टरला विचारलं, "मॅच सुरू झाली का?" तो आख्खा दिवस त्याच्या डोक्यातून पुसला गेला होता, गोलासकट. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा मैदानावर होता, कारण तेव्हा तसंच चालायचं. "मी व्हिडिओ पाहिलाय," तो म्हणाला. "एक माणूस हात पसरून धावतोय. जर्सी माझी, नंबर माझा. सगळे म्हणतात तो मी आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो."

असे मार पुढेही बसले. शेवटचा तर अगदी किरकोळ, सरावात आपल्याच माणसाचं कोपर लागलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्याला सरळ रेषेत चालता येईना. क्लबच्या डॉक्टरने त्याला बसवून सांगितलं की आता पुरे. इंग्रजीत त्यासाठी बरेच शब्द आहेत, पण रसला इथे आल्यावर शिकलेला अरबी शब्दच सर्वांत बरोबर वाटायचा. "खलास," तो म्हणायचा आणि दोन्ही तळहात झटकायचा. तेव्हा त्याने तिशी नुकतीच ओलांडली होती. सोमवारी सकाळी उठून जायचं कुठे, हेच त्याला वर्षभर कळलं नाही. बायको केट शिक्षिका. तिनेच त्याला शिक्षकाचं प्रशिक्षण घ्यायला लावलं, तिनेच दुबईतली नोकरी शोधली, आणि दोन लहान मुलींना घेऊन ती मंडळी इथे आली.

माझी मुलगी रेनी, आम्ही राहतो त्या शारजातच वाढलेली. बाहेर ऊन, आत एसी आणि हातात फोन, असं तिचं बालपण. शनिवारी सकाळी रस मुला-मुलींना त्याचा तो खेळ शिकवायचा, तिथे तिला पाठव म्हणून तो माझ्या मागे लागला. मी म्हटलं, "तुझं अंग रोज बघते मी. माझी मुलगी कशी पाठवू?" तो हसला. "मी तिला आधी पडायला शिकवीन. मग बाकीचं."

आणि खरंच, पहिले काही शनिवार त्याने मुलांना नुसतं पडायला लावलं. पुढे, मागे, कुशीवर, हनुवटी छातीला लावून. शहराच्या कडेचं मैदान, पलीकडे वाळू आणि गवतावर वीस-पंचवीस पोरं एकामागून एक लोळतायत. "जमीन शत्रू नाही," तो ओरडून सांगायचा. "तिच्याशी ओळख करून घ्या." घरी चार हाका मारल्याशिवाय न उठणारी रेनी शनिवारी माझ्याआधी तयार होऊन दाराशी उभी राहू लागली.

एकदा चेंडूमागे धावताना रेनी आणि दुसऱ्या एका मुलीची डोकी एकमेकींवर आपटली. रेनी लगेच उठली. "आय ॲम फाइन, आय ॲम फाइन," म्हणत पुन्हा धावायला निघाली. रसने तिला थांबवलं, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि हळू आवाजात विचारलं, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, मघाशी गोल कुणी केला. तिने तिन्ही उत्तरं बरोबर दिली, फक्त शेवटच्याला जरा वेळ लावला. तो उठला आणि म्हणाला, "खलास. बाहेर." त्या दिवसापुरतं नव्हे, पुढचे काही आठवडेही. अबू धाबीच्या मुलींशी सामना तोंडावर आला होता. रेनी रडून लाल झाली. मलाही ते जास्तच वाटलं. मी म्हटलं, "रस, मी तपासलंय तिला. काही झालेलं नाही."

"ग्लॅड," तो म्हणाला, "मलाही सगळे हेच म्हणाले. मी स्वतः हेच म्हणालो. मला बाहेर बसवणारा एकही माणूस भेटला नाही." आवाज चढलेला नव्हता. तो वळून बाकीच्या मुलांकडे गेला आणि मी रेनीला घेऊन गाडीत बसले. पुढच्या शनिवारी मात्र ती पाण्याच्या बाटल्या वाटायला स्वतःहून गेली.

त्या वर्षाच्या अखेरीस मला त्याच्यात काही वेगळं दिसू लागलं. रेनीला तो स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारायचा. साधे शब्द सापडायचे नाहीत. टॉवेल मागताना म्हणायचा, "ते, ते पुसायचं." सकाळी डोकं ठणकायचं. अपॉइंटमेंट विसरायचा. शाळेत एका मुलावर तो इतका चिडला की दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. मला हे केटने सांगितलं, त्याने नाही.

एका संध्याकाळी काम संपवून मी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरले, तर दोन खांबांच्या मधे कठड्यावर तो बसलेला. तासाभरापूर्वीच माझ्याकडून गेला होता.

"काय झालं?"

"गाडी सापडत नाही."

आम्ही दोघं चावीचं बटण दाबत फिरलो. गाडी वरच्या मजल्यावर होती. तो आत बसला, पण त्याने ती सुरू केली नाही. मी शेजारच्या सीटवर बसले. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्या तोंडाकडे बघून स्वतःबद्दल बोलला.

"माझ्या जुन्या संघातला एक जण आहे. पन्नाशीही झाली नाही त्याची. बायकोला विचारतो, तू कोण. त्याचंही असंच सुरू झालं होतं. शब्द, चाव्या, राग."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही. दाखवणारही नाही. एकदा त्याला नाव मिळालं की ते घरात राहायला येतं."

"आणि केट?"

"केटला सगळं कळतं. पण ती काही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही."

मी फिजिओथेरपिस्ट. स्नायू आणि सांधे माझं खातं, मेंदूबद्दल मी त्याला काय सांगणार होते? पण राग मात्र मला आला. मी म्हटलं, "माझी मुलगी तुला फाइन म्हणाली तेव्हा तू तिचं ऐकलं नाहीस. मी फाइन म्हणाले तेव्हा माझंही ऐकलं नाहीस. मग तू म्हणतोस म्हणून मी का ऐकू?"

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाला, "येशील आमच्याबरोबर? केट घाबरेल." घाबरलेलं कोण होतं ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मेंदूच्या डॉक्टर लेबनानी बाई होत्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी स्कॅन काढले, निरनिराळ्या चाचण्या घेतल्या. निकालाच्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो. रसने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, शाळेच्या ऑफिसात बोलावलेल्या मुलासारखे. डॉक्टर म्हणाल्या की जुन्या मारांच्या खुणा आहेत, पण त्याला ज्याची भीती वाटतेय तसं काही स्कॅनमध्ये दिसत नाही. स्मरणशक्ती शाबूत आहे, लक्ष मात्र टिकत नाही. मग त्यांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

"उत्तम," रस म्हणाला. "पडलो की झोपतो."

केट हसली. ते हसणं फारसं आनंदाचं नव्हतं. "मी कित्येक वर्षं मुलींच्या खोलीत झोपते," ती म्हणाली. "तो घोरतो. म्हणजे भिंती हलतात. पण घोरण्याचं काही नाही. तो मधेच थांबतो. श्वासच थांबतो. मग मी दाराशी उभी राहून वाट बघते, पुन्हा कधी सुरू होतोय."

रस तिच्याकडे वळला. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, सगळेच घोरतात."

डॉक्टर पुढे झुकल्या आणि त्याच्या मोडलेल्या नाकाकडे, त्या ठोकळ्यासारख्या मानेकडे पहिल्यांदाच बघतायत अशा नजरेने बघू लागल्या. त्यांनी त्याला झोपेच्या तपासणीला पाठवलं. तिथे कळलं की झोपेत त्याचा श्वास पुन्हापुन्हा अडतो आणि मेंदू त्याला दर वेळी गदागदा हलवून उठवतो. म्हणजे वर्षानुवर्षं हा माणूस नीट झोपलाच नव्हता. विसरणं, डोकेदुखी, चिडणं, सगळ्याचा मोठा वाटा त्यात होता. तो अहवाल घेऊन आम्ही पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर अरबी वळणाच्या इंग्रजीत सावकाश म्हणाल्या, "पुढच्या आयुष्याची हमी मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकणार नाही. दरवर्षी तपासायचं. पण आज तुम्हाला जे होतंय, त्यावर उपाय आहे. इन्शाल्ला, बरं वाटेल."

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर रस भिंतीला टेकून खालीच बसला. येणारे-जाणारे त्याचे लांब पाय ओलांडून जात होते. केट त्याच्या शेजारी बसली, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. मग तोही. मी कॉफी आणते असं सांगून तिथून निघाले आणि मशीनसमोर उभी राहिले. इतके दिवस मीसुद्धा श्वास धरून होते, हे मला तिथे कळलं.

झोपताना तोंडावर मास्क लावायचा, त्यातून यंत्र हवा देत राहतं, असा तो उपाय. सुरुवातीला रसने बरीच कुरकुर केली. मास्क झोपेत काढून फेकायचा, सकाळी तो कपाटावर सापडायचा. मग हळूहळू सवय झाली. एक दिवस तो क्लिनिकमध्ये आला आणि टेबलावर न पडता खुर्चीत बसला.

"मला स्वप्न पडलं," तो म्हणाला. "शेवटचं कधी पडलं होतं, आठवत नाही."

"कसलं?"

"काहीच झालं नाही त्यात. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. वारा होता. बस, तेवढंच." सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

पुढच्या काही महिन्यांत शब्द परतले. रेनी पुन्हा रेनी झाली. केट आपल्या खोलीत परत झोपायला गेली. ते यंत्र खोलीत समुद्र असल्यासारखा आवाज करतं, असं ती म्हणाली. शनिवारी मैदानावर रस तसाच ओरडायचा, फक्त एक गोष्ट त्याने शिकवण्यात बदलली. मागे धावत झेल घेणाऱ्या मुलांना तो आता सांगायचा, "एकदा वळून बघा. कोण येतंय ते बघा. मग ठरवा." कुणा बापाने विचारलं, याने मुलं भित्री नाही का होणार? रस म्हणाला, "भित्री झाली तरी चालतील, पण म्हातारपणी त्यांना आपली माणसं ओळखता आली पाहिजेत." इंग्रजीत ते वाक्य विनोदी होतं. तो बाप हसला. रस हसला नाही.

दोन वर्षांनी ते परत गेले. त्याचे वडील थकले होते आणि गावच्या शाळेत जागा निघाली होती. निरोपाच्या शनिवारी मुलांनी काही न सांगता एक ओळ केली आणि एकामागून एक धावत येऊन त्याच्यासमोर गवतावर पडली, त्याने शिकवली तशी, हनुवटी छातीला लावून. तोवर सोळा वर्षांची झालेली रेनीही पडली. तो कमरेवर हात ठेवून प्रत्येकाचं पडणं तपासत राहिला. डोळे पुसायला त्याने टोपी काढली आणि उन्हामुळे म्हणून सांगितलं. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "ग्लॅड, मला आयुष्यात तुझ्याइतकं कुणी दुखवलं नाही." मी म्हटलं, "माझं काम आहे ते."

आता तो गावच्या मैदानावर दर शनिवारी गोल-पंच म्हणून उभा राहतो. पांढरा कोट घालून खांबांच्या मधे उभं राहायचं, चेंडू गेला की दोन बोटं पुढे करायची आणि दोन झेंडे फडकवायचे, एवढंच काम. केटने पाठवलेल्या व्हिडिओत तो अगदी गंभीरपणे झेंडे हलवतो, जणू विमान उतरवतोय. त्याची मान मात्र मोकळी दिसते, खांदे खाली आलेले. ते मला बरोबर कळतं.

वर्षातून एकदा तो तपासणीला मेलबर्नला जातो आणि तिथून निघताना मला मेसेज करतो. त्यात कधीच जास्त काही नसतं, फक्त 'नो चेंज'. आमच्या पेशात हे दोन शब्द पराभवाचे आहेत. पेशंट महिनाभर येतोय आणि बदल नाही, हे लिहिताना माझा हात जड होतो. या वर्षी मेसेज आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. वाचला, पुन्हा वाचला आणि रेनीला दाखवला.

"दॅट्स गुड, राइट?" तिने विचारलं.

"खूप चांगलं," मी म्हटलं आणि उतू चाललेल्या चहाखालचा गॅस बारीक केला.